कोच झालो की खेळाडू म्हणून संपलो का?

प्रश्न थोडक्यात: पत्रलेखक ३१ वर्षांचे आहेत आणि मुंबईतल्या एका क्लबकडून बारा वर्षं रग्बी खेळतात. मैदानावरची जागा फ्लँकरची. राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळले, भारताच्या सराव शिबिरापर्यंत दोनदा पोचले, पण अंतिम संघात नाव आलं नाही. आठ महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्याच्या एसीएलचं (सांध्यातल्या एका मुख्य अस्थिबंधाचं) ऑपरेशन झालं. सध्या एका जिममध्ये ट्रेनर आहेत, महिना २४,००० रुपये. पश्चिम उपनगरातल्या एका शाळेने पाचवी ते आठवीच्या मुलामुलींना रग्बी शिकवायला जूनपासून बोलावलं आहे. आठवड्यातून तीन दुपारी, वर्षातले दहा महिने, महिना १५,०००. क्लबमधले सीनियर म्हणतात, 'एकदा गळ्यात शिट्टी अडकवलीस की खेळाडू म्हणून संपलास, अजून दोन सीझन काढ.' सासरे म्हणतात, 'खेळ पुरे झाला, पक्की नोकरी बघ.' पत्नीला सातवा महिना सुरू आहे. आणि पत्रलेखकांची स्वतःची भीती अशी: 'इंडिया खेळलो नाही. इंग्रजी धड बोलता येत नाही आणि कोर्स तर सगळे इंग्रजीत. मुलं, पालक मला कोच म्हणून का मानतील?'

नमस्कार,

गुडघा, पगार, सीनियरचं बोलणं आणि सासऱ्यांची काळजी हे सगळं तुम्ही एकाच गाठीत बांधलंय, आणि त्याचं उत्तर जूनच्या आत एका 'हो' किंवा 'नाही'मध्ये हवंय. गाठ एकेक पीळ काढूनच सुटेल. पण आधी पत्रात जे आलंच नाही त्याबद्दल बोलतो. 'मला शिकवता येईल का?' हे तुम्ही एकदाही विचारलेलं नाही. बारा वर्षं खेळलो म्हणजे शिकवता येणारच, असं धरून तुम्ही चालला आहात, आणि धास्ती घेतलीत ती फक्त लोक मानतील की नाही याची. मला हे नेमकं उलटं वाटतं. मान मिळायला महिनाभर पुरतो. शिकवणं मात्र तुम्हाला पहिल्या धड्यापासून शिकावं लागणार आहे.

'इंडिया खेळलो नाही' हे ओझं आधी उतरवू. जो श्मिट न्यूझीलंडच्या मनावाटू प्रांताकडून विंगवर खेळायचे, देशाकडून कधीच खेळले नाहीत. पेशाने शाळेत इंग्रजीचे शिक्षक. १९९१ मध्ये आयर्लंडमधल्या मलिंगारला खेळायला गेले आणि तिथल्या एका शाळेतल्या पोरांना शिकवू लागले. पुढे त्यांच्याच हाताखाली आयर्लंडने २०१६ मध्ये शिकागोला न्यूझीलंडला इतिहासात पहिल्यांदा हरवलं आणि २०१८ मध्ये ग्रँड स्लॅम मिळवला, म्हणजे सिक्स नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने जिंकले. २०११ चा विश्वचषक न्यूझीलंडला जिंकून देणारे ग्रॅहम हेन्री एके काळी शाळेचे मुख्याध्यापक होते. वॉरन गॅटलंड हुकरच्या जागेवर खेळायचे. ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाकडून, १७ सामने खेळले, पण त्यात कसोटी म्हणजे अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना एकही नाही, कारण त्यांच्या जागेवर शॉन फिट्झपॅट्रिक होते. ते गॅटलंड वेल्सचे कोच झाले आणि तीन ग्रँड स्लॅम घेऊन गेले. मोठा खेळाडू चांगला कोच होत नाही असं मात्र समजू नका. बेन गॉलिंग्ज इंग्लंडच्या सेव्हन्स (सात-सात जणांच्या रग्बीच्या) संघाचे नावाजलेले खेळाडू, आणि कोच म्हणून त्यांनी फिजीला २०२२ चा सेव्हन्स विश्वचषक जिंकून दिला. थोडक्यात, देशाची जर्सी असली तर उत्तम, नसली तर काही अडत नाही. श्मिट आणि हेन्री यांची वर्गासमोर उभं राहण्यात गेलेली वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात.

आपल्याकडेही हे नवं नाही. बॉम्बे जिमखान्याकडून रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी समोरच्या फॅशन स्ट्रीटवरच्या पोरांना शनिवार-रविवारी मैदानावर खेळवायला घेतलं, आणि १९९९ मध्ये त्यातून मॅजिक बस ही संस्था उभी राहिली.

पाचवीतलं पोर तुमच्या कॅप, म्हणजे देशाकडून खेळलेले सामने, मोजत नाही. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही त्याला नावाने हाक मारता की 'ए निळा शर्ट' म्हणता, आणि तासाभरात चेंडू त्याच्या हाती कितीदा येतो, एवढंच ते बघतं. पालकांचा प्रश्न एकच असेल: 'सर, लागणार नाही ना?' त्या प्रश्नाला तुमच्याकडे नीट, पायरीपायरीचं उत्तर असेल तर तुम्ही कोच आहात.

त्यासाठी आजच एक परीक्षा द्या. वही घ्या आणि टॅकलच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडण्याच्या, आधीच्या एका सेकंदात तुमचं शरीर काय काय करतं ते लिहा. कुठला पाय पुढे जातो, कुठला खांदा लागतो, डोकं कुणीकडे, नजर कुठे, हात कधी आवळतात. बहुतेक चांगले खेळाडू इथे दोन ओळींत थांबतात, कारण शरीराला येतं ते तोंडाला येत नाही. मग मैदानावर ते ओरडतात, 'खाली जा, खाली!' पोर बिचारं ऐकतं. कमरेतून वाकतं, मान खाली घालतं, डोळे मिटतं आणि डोकं पुढे करून घुसतं. मानेला आणि डोक्याला मार बसायची हीच सगळ्यात वाईट अवस्था आहे, आणि पोराला तिच्यात घातलं ते कोचच्या शब्दानेच. तुमच्या वहीत असं काहीसं यायला हवं: छोटी पावलं टाकत जवळ जा. पुढचा पाय समोरच्याच्या पायांजवळ रोव. ज्या बाजूचा पाय पुढे त्याच बाजूचा खांदा लाव. गुडघे वाकव, पाठ सरळ ठेव, हनुवटी वर, डोळे उघडे. डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला, तुझा गाल त्याच्या कुल्ल्याला लागला पाहिजे. दोन्ही हातांचं कडं घाल, मग पाय चालव. हे मराठीत सांगा. 'गाल मागे' हे दोन शब्द दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पक्के बसतात.

हे शिकवण्याचाही क्रम आहे आणि तो चुकवायचा नाही. सगळ्यात आधी पडायला शिकवा: चेंडू छातीशी, हनुवटी आत, आधी गुडघा, मग मांडी, मग खांदा जमिनीला. हात टेकून पडणारं पोर मनगट मोडून घेतं. मग दोघंही गुडघ्यांवर, समोरासमोर. मग टॅकल करणारा गुडघ्यावर आणि चेंडूवाला चालत त्याच्या बाजूने जाणारा. मग टॅकल करणारा उकिडवा. मग दोघं उभे, चालत. मग पाच बाय पाच मीटरच्या चौकोनात हलकं धावत. प्रत्येक पायरीवर उजवा आणि डावा, दोन्ही खांदे. दहा वेळा सलग डोकं बरोबर बाजूला गेलं तरच पुढची पायरी, आणि कमकुवत खांद्यासाठी पुन्हा मागे यायलाही लाजू नका. जोड्या लावताना इयत्ता बघू नका, वजन आणि उंची बघा. सातवीच्या वर्गात ३० किलोचं आणि ५५ किलोचं पोर शेजारीशेजारी बसलेलं असतं.

मुंबईत एक गोष्ट खास लक्षात ठेवावी लागेल. तुमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांनी आधी गल्लीत किंवा शाळेत कबड्डी खेळलेली असेल. त्यांचं काळीज मोठं असतं, अंगाला अंग लागण्याची भीती गेलेली असते, आणि दोघांनी मिळून एकाला अडवणं त्यांना सांगावं लागत नाही. पण घोट्याची पकड त्यांच्या हाडात मुरलेली असते. धावत येणाऱ्याच्या पायांवर पुढून झेप घालणं कबड्डीत टाळ्या मिळवतं. रग्बीत तेच केलं तर गुडघा थेट कपाळावर येतो. अशा मुलाला 'चुकलं' म्हणू नका. 'ही पकड मांडीवर आण, खांदा लाव, गाल मागे' असं सांगा, त्याच्या जवळ जे आहे त्यावरच बांधा. खो-खो खेळलेल्या मुली तर तुमच्या संघाची पहिली कमाई ठरतील. झुकांडी देऊन दिशा बदलणं त्यांच्याकडून तुम्हीच शिकाल.

हे सगळं मात्र जूनमध्ये सुरू करायचं नाही. पहिले सहा ते आठ आठवडे टॅकल बंद, फक्त टॅग रग्बी. टॅगचे पट्टे नसतील तर जुन्या ओढणीच्या चाळीसेक सेंटीमीटरच्या पट्ट्या कमरेला दोन्ही बाजूंनी खोचा. पट्टी ओढली की टॅकल झाला. याने मुलांना मागे पास द्यायची सवय लागते, मोकळी जागा दिसू लागते आणि पालकांची भीती मावळते. शाळेचं आवार पेव्हर ब्लॉकचं किंवा डांबरी असेल तर तिथे कायम टॅगच. मातीवरही टाच आपटून बघा. खूण उमटली नाही तर त्या दिवशी जमिनीवर पडण्याचं काहीही नाही. शाळेत कबड्डीच्या किंवा ज्यूदोच्या मॅट असतील तर गुडघ्यांवरचं टॅकल त्यांच्यावर शिकवता येतं.

तासाचा आराखडा असा धरा. तीस मुलं, साठ मिनिटं, अर्धं मैदान. चेंडू किमान दहा, चार नंबरचे, कारण दहा ते चौदा वयाला तोच आकार. हवा ९.५ ते १० पीएसआय. सायकलच्या दुकानात भरून आणलेला चेंडू दगडासारखा होतो आणि कॅच सुटण्याचं खापर मुलांवर फुटतं. पहिली दहा मिनिटं अंग तापवणं, त्यातच चेंडू हातात. पुढची पंधरा मिनिटं एकच कौशल्य, उदाहरणार्थ पास. मग पंचवीस मिनिटं दहा-पंधरा मीटरच्या चार चौकोनांत चार विरुद्ध चार किंवा तीन विरुद्ध दोन असा खेळ. उरलेल्या वेळात पाणी, दोन प्रश्न, घरी. तुमचं बोलणं एका वेळी तीस सेकंदांपेक्षा जास्त नको. नवा कोच हमखास एक चूक करतो. मुलांची लांब रांग लावतो. पंधरा जणांच्या रांगेत प्रत्येकाला तासात चारदा चेंडू मिळतो, बाकीचा वेळ मारामारी. रांग चारच्या वर गेली की चौकोन वाढवा.

पास का पडतो हेही बघायला शिका. निम्म्या वेळा चूक घेणाऱ्याची असते: हात मांडीजवळ लोंबतात, चेंडू आल्यावर वर येतात, तोवर उशीर झालेला असतो. पास मागतानाच हात छातीसमोर, बोटं वर, हेच पहिलं काम. देणाऱ्याची चूक बहुधा कमरेत असते. तो पास देतो डावीकडे आणि धावत असतो उजवीकडे तिरका, त्यामुळे पुढच्याची जागाच संपते.

आता डोक्याला मार. इथे तुमच्या क्लबची सवय शाळेत नेऊ नका. 'पाणी मार आणि पाठव आत' ही आपल्या मैदानांवरची सगळ्यात घातक पद्धत आहे. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचा नियम साधा आहे: शंका आली तरी लगेच बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. बेशुद्ध पडणं गरजेचं नसतं. मूल गोंधळलेलं दिसतं, तोल जातो, स्कोअर सांगता येत नाही, डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, मळमळतं, उगाच रडू येतं, यातलं एक पुरे. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील, झटके आले, पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा डोकेदुखी वाढत गेली तर हलवाहलव न करता १०८ ला फोन. परत येणं सहा टप्प्यांत: रोजचे हलके व्यवहार, हलका व्यायाम, धावणं, धक्क्याविना सराव, पूर्ण सराव, सामना. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. त्रास परत जाणवला की एक टप्पा मागे. मुलांच्या बाबतीत आणखी सावकाश. पूर्ण सरावाआधी डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या, आणि हे सगळं पालकांना जूनच्या सभेतच सांगून टाका. नाहीतर फायनलच्या आदल्या दिवशी हा वाद तुम्हाला एकट्याला लढावा लागेल.

पावसाळ्यात रग्बी खेळायला मजा येते हे तुम्हाला सांगायला नको. पण शाळेचा कोच म्हणून दोन गोष्टी पाळा. वीज दिसली की मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. दुसरं, साचलेल्या पाण्यात उंदीर-कुत्र्यांच्या लघवीतून लेप्टो होतो आणि तो खरचटलेल्या कातडीतून शिरतो. गुडघ्याला जखम असलेलं मूल चिखलात उतरवू नका. खेळ संपल्यावर साबणाने पाय धुतल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही, आणि साचलेल्या पाण्यात गेलेल्याला पुढे ताप आला तर पालकांनी डॉक्टरांना तेही सांगायचं.

मुलींचा संघ असेल तर शाळेने एक शिक्षिका किंवा महिला सहायक मैदानावर दिलीच पाहिजे. खेळाडू राहिलेली तुमची एखादी सहकारी मिळाली तर त्याहून चांगलं. कपडे बदलण्याच्या खोलीत तुम्ही जायचं नाही. मुलांना खासगी मेसेज नाहीत, निरोप फक्त पालकांच्या ग्रुपवर. टॅकल दाखवताना मुलाच्या अंगाला हात लावायचा तर आधी सांगून, सगळ्यांसमोर. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे, आणि या सवयींनी मुलांचं जितकं रक्षण होतं तितकंच तुमचंही.

पैशांकडे येऊ. दहा महिन्यांचे दीड लाख म्हणजे बारा महिन्यांवर पसरले तर महिना १२,५००. महिन्याला साधारण तेरा तासिका पडतात, म्हणजे एका दुपारचे अकराशे-साडेअकराशे, त्यात प्रवास आणि मैदान मांडणं धरून साडेतीन तास जातात. एवढ्यावर जिम सोडणं आत्ता चुकीचं ठरेल. जिमकडे सकाळची शिफ्ट मागा, सहा ते अकरा किंवा बारा. पगार थोडा कमी झाला तरी दोन्ही मिळून तुम्ही आजच्यापेक्षा पुढे असाल का, हा हिशेब पत्नीबरोबर बसून मांडा. शाळेकडून पुढच्या गोष्टी लेखी घ्या. परीक्षा, दिवाळी, पावसाची सुट्टी यात तासिका बुडाली तरी महिन्याची रक्कम ठरलेलीच राहील. चेंडू, कोन, बिब, प्रथमोपचाराची पेटी शाळा देईल. मुलांचा अपघात विमा आहे का आणि त्यात रग्बी बसतो का. स्पर्धेला नेताना गाडी कुणाची, सोबत कोण. टीडीएस कापला तर प्रमाणपत्र मिळेल का, म्हणजे रिटर्न भरून जास्तीचं परत घेता येईल. एका कोचमागे मुलं किती, हाही आकडा कागदावर हवा. माझं मत पंधरा-सोळा, तीस असतील तर मदतनीस. आणि बाळ जूनमध्येच येणार असं दिसतंय. शाळेला आत्ताच सांगा, दोन आठवडे बदली माणूस ठेवू द्या किंवा एक जुलैपासून सुरू करा. चांगली शाळा याला नकार देत नाही, आणि देत असेल तर ते आधी कळलेलं बरं.

सासऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. शाळेचं हे काम मानधनावरचं आहे, त्यात पीएफ नाही. पक्कं काही हवं तर दोन वाटा बघण्यासारख्या आहेत. पदवी असेल तर बीपीएड, दोन वर्षांचं, ज्यावर शाळेत क्रीडा शिक्षक होता येतं. आणि राज्य सरकारी नोकऱ्यांतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. त्यासाठी तुमच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते. कुठल्या पदाला कुठल्या दर्जाची स्पर्धा आणि कितवा क्रमांक लागतो, ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे मूळ कागद घेऊन जाऊन विचारा. प्रमाणपत्रं क्लबच्या कपाटात असतील तर याच आठवड्यात घरी आणा. दोन पेशे एकत्र चालवणं कमीपणाचं नाही. भारताच्या महिला संघाच्या कर्णधार राहिलेल्या पुण्याच्या वाहबिज भरूचा फिजिओथेरपिस्ट आहेत.

इंग्रजीची भीती खरी आहे, पण तिचा आकार तुम्ही वाढवून ठेवलाय. रक, मॉल, नॉक-ऑन, ऑफसाइड हे शब्द तुम्ही बारा वर्षं बोलताच आहात. वर्ल्ड रग्बीचे ऑनलाइन पाठ फुकट आहेत: सुरक्षिततेचा 'रग्बी रेडी', कन्कशनचा (डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या धक्क्याचा), नियमांचा, आणि दुखापती टाळण्यासाठीच्या 'अॅक्टिव्हेट' व्यायामांचा. रोज अर्धा तास बसा, अडलेला शब्द देवनागरीत वहीत उतरवा, शेजारी मराठी अर्थ लिहा. महिनाभरात तेच तेच शब्द फिरून येताहेत असं दिसेल. मग प्रत्यक्ष मैदानावरचा लेव्हल वन हा कोचिंगचा पहिला कोर्स आणि रग्बीचा प्रथमोपचार कोर्स, यांच्या तारखा राज्य संघटनेकडे विचारा. मुलांसमोर मराठी-हिंदीतच बोला. पालकसभेपुरती पाच वाक्यं इंग्रजीत पाठ असली की झालं, आणि ती पाठ केलेली आहेत हे कुणी विचारणार नाही.

उरला गुडघा आणि सीनियर. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत धडकाधडकीच्या खेळात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि नऊ महिने झाले म्हणजे आपोआप मोकळीक असंही नाही. फिजिओकडून मोजून घ्या: उजव्या मांडीची ताकद डावीच्या किमान नव्वद टक्के आहे का, एका पायावरच्या उडीतही तेवढीच आहे का. त्यानंतर चार-सहा आठवडे धक्क्याविना क्लबचा सराव, मग टॅकल. हे सगळं वेळेत झालं तरी माझ्या मते दिवाळीच्या आधी सामना खेळायचा विचारच नको. म्हणजे सीनियर ज्या दोन सीझनबद्दल बोलतात त्यातला अर्धा तुम्ही तसाही बाहेर बसणार होतात. तो काळ शाळेला द्या. दिवाळीनंतर गुडघा म्हणेल ते ऐका. शाळेच्या तीन दुपारी आणि क्लबची संध्याकाळ एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि कोचिंग करता करता खेळणारे सगळीकडे आहेत. गॅटलंडही आयर्लंडच्या एका क्लबमध्ये आधी खेळाडू-कोच होते.

एक धोका मात्र सीनियरना दिसत नाही आणि तुम्हालाही नसेल दिसला. बरा होत आलेला गुडघा पुष्कळदा सामन्यात जात नाही, प्रात्यक्षिकात जातो. कोच मुलांना वीस मिनिटं तापवतो, स्वतः शिट्टी घेऊन उभा असतो, आणि मग थंड अंगाने 'असा साइडस्टेप मार' म्हणत एकदम पाय रोवून वळतो. तुम्ही मुलांबरोबर तापा, स्टडचे बूट घाला, आणि वळणं-टॅकल दाखवायला आठवीतली दोन चुणचुणीत मुलं तयार करा. शब्दांनी सांगायचं आणि त्यांच्याकडून करवून घ्यायचं, यात तुमचं शिकवणंही लवकर सुधारेल.

शाळेला होकार कळवण्याआधी एक करा. मे महिन्यात ओळखीच्या कुठल्याही सोसायटीतली किंवा वस्तीतली दहा-बारा मुलं जमवा आणि सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, चार तासिका घ्या. ओढणीच्या पट्ट्या, तीन चेंडू, विटांचे कोन, एवढं सामान पुरतं. क्लबमधल्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. घरी येऊन बघा: तुम्ही किती बोलत होतात, मुलं किती उभी होती, सगळ्यात लाजऱ्या मुलाच्या हाती चेंडू कितीदा आला. चौथ्या सकाळी मुलं तुमच्या आधी येऊन थांबलेली दिसली आणि तुम्हालाही तिथे जावंसं वाटलं, तर शाळेला पत्र पाठवा.